सॉफ्टवेअर मारतो एक, बोलणी खातो दुसरा

नागपुरातल्या बर्डीवरच्या मोबाइलच्या दुकानात चार-पाच वर्षं जुना फोन नेला की काउंटरमागचा पोरगा तो दोनदा बंद-चालू करून पाहतो आणि सांगतो, "सॉफ्टवेअर मारावं लागते." बहुतेक वेळा तो कंपनीचंच सॉफ्टवेअर पुन्हा टाकतो. पण कंपनीने अपडेट द्यायचं केव्हाच बंद केलेलं असेल, तर काही दुकानदार लिनेजओएससारखा एखादा कस्टम रॉम, म्हणजे स्वयंसेवकांनी जुळवलेलं अँड्रॉइड, चढवून देतात. पैसे घेतात, बिल देत नाहीत. आठवड्याने गिऱ्हाइकाचं पेमेंटचं अ‍ॅप उघडेनासं होतं. दुकानदार म्हणतो, "रॉमचा प्रॉब्लेम आहे." मग गिऱ्हाईक त्या रॉमचा टेलिग्राम ग्रुप शोधून काढतो आणि लिहितो, "भाऊ, पेमेंट काहून नाही होऊन राहिलं? चेक न करता कायले टाकता बे?"

ज्याला हे ऐकावं लागतं, त्याला या व्यवहारातला एक रुपयाही मिळालेला नसतो. बहुतेकदा तो नोकरी किंवा शिक्षण सांभाळून, रात्री दोन तास काढून त्या एका मॉडेलसाठी अँड्रॉइड जुळवून देणारा माणूस असतो. गिऱ्हाइकाचे पैसे बर्डीवर राहिलेले असतात आणि तक्रार मात्र या माणसाच्या दारात येऊन पडते.

हा विषय निघाला की चर्चा सहसा सभ्यतेवर येते आणि तिथेच संपते. शिव्या देऊ नका, फुकट काम करणाऱ्यांचा मान ठेवा, वगैरे. ते बरोबरच आहे, पण अपुरं आहे. शिवी दुसऱ्या दिवशी विसरता येते. खरं नुकसान तक्रारींच्या ओघाने होतं, मग ती भाषा कितीही गोड असो. पोर्ट करणारा, म्हणजे असं जुळवून देणारा, माणूस कंटाळून काम सोडतो हा त्या नुकसानीचा शेवटचा टप्पा झाला. त्याच्या बऱ्याच आधी तो लोकांना गप्प करण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये तडजोडी करू लागतो, आणि त्या तडजोडी लाखमोलाचा डेटा असलेल्या तुमच्या-आमच्या फोनमध्ये येऊन बसतात.

एका फोनसाठी अँड्रॉइड जुळवायचं म्हणजे तीन गोष्टी लागतात. गुगलने खुला ठेवलेला अँड्रॉइडचा मूळ कोड कोणालाही मिळतो. दुसरी गोष्ट म्हणजे त्या मॉडेलचा कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा गाभा, आणि डिव्हाइस ट्री, म्हणजे फोनमध्ये कोणती चिप, किती पार्टिशन (साठवणीचे कप्पे), कोणता पडदा, कोणते सेन्सर याची तपशीलवार जंत्री. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. कॅमेरा, मोडेम, ग्राफिक्स, बोटाचा ठसा यांच्या बंद फाइली, ज्यांना सगळे ब्लॉब म्हणतात. त्यांचा कोड कंपनी देत नाही. त्या तयार स्वरूपात कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून उचलाव्या लागतात आणि नव्या अँड्रॉइडशी त्यांचं जमवून घ्यावं लागतं. हे सगळं संगणकावर बांधायला गुगलच्या स्वतःच्या सूचनेप्रमाणे ४०० जीबी मोकळी जागा आणि ६४ जीबी रॅम हवी. १६ जीबीच्या लॅपटॉपवर बिल्ड (ही बांधणी, आणि तिच्यातून निघणारी आवृत्तीही) अर्ध्यात मेमरी संपून मरतं. म्हणून कोणी स्वॅप (डिस्कवरची उसनी मेमरी) वाढवून रात्रभर मशीन चालू ठेवतो, कोणी स्वतःच्या खिशातून महिन्याच्या भाड्याने सर्व्हर घेतो. नागपुरात मे महिन्यात कूलरसमोर ठेवलेल्या लॅपटॉपवर हे करणं किती सुखाचं असेल, याची कल्पना वाचकांना असेलच.

तक्रारींपैकी सगळ्यात निरुपद्रवी दिसणारी तक्रार म्हणजे "पुढचं व्हर्जन कधी?" याला त्या वर्तुळात 'ईटीए विचारणं' म्हणतात आणि बऱ्याच ठिकाणी त्यावर बंदी असते. बाहेरच्याला हा माज वाटतो. एक उदाहरण घेऊ. रेडमी नोट ४ भारतात जानेवारी २०१७ मध्ये आला, स्नॅपड्रॅगन ६२५ चिप आणि ३.१८ क्रमांकाचा कर्नल घेऊन. भारतात तो फोन इतका खपला की त्यावर काम करणारेही भरपूर मिळाले. पुढे अँड्रॉइड १२ पासून गुगलने नेटवर्कचा हिशेब ठेवायची जुनी आयपीटेबल्सवरची पद्धत काढून कर्नलमधलं ईबीपीएफ हे तंत्र सक्तीचं केलं. ३.१८ च्या कर्नलमध्ये त्यासाठी लागणारा भाग नव्हता. आता दोनच रस्ते उरतात. एक, नव्या कर्नलमधला तेवढा भाग काढून जुन्यात मागे आणून बसवायचा. दोन, अख्खा कर्नल ४.९ वर न्यायचा आणि टच, ऑडिओ, चार्जर, कॅमेरा यांचे ड्रायव्हर एकेक करून नव्याने जुळवायचे. दोन्ही कामं महिन्यांच्या हिशेबातली आहेत, आणि त्यांचा शेवट कुठे हे ती करणाऱ्यालाही आधी कळत नाही. जुन्या मॉडेलना नवं अँड्रॉइड मिळायला वेळ लागला किंवा मिळालंच नाही, त्यामागे हे एक मोठं कारण होतं. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र पाच सेकंद लागतात, आणि विचारणारे पाचशे असतात.

साधा गुणाकार करू. दिवसाला २० तक्रारी आणि प्रत्येकीला वाचून, समजून, उत्तर द्यायला १० मिनिटं धरली, तर ३ तास २० मिनिटं गेली. नोकरी करणाऱ्याची संध्याकाळ तेवढीच असते. त्या दिवशी त्याने एक ओळ कोड लिहिला नाही, तरी लोकांच्या लेखी तो 'रिप्लाय देत नाही'.

आता तडजोडींकडे येतो, कारण खरा मुद्दा तिथे आहे. नव्या बिल्डमध्ये बोटाचा ठसा चालत नाही म्हणून ग्रुपवर गलका होतो. लॉग, म्हणजे फोनच्या आतल्या घडामोडींची आपोआप होणारी नोंद, काढला तर त्यात 'एव्हीसी डिनाइड' अशी एक ओळ दिसते. म्हणजे एसईलिनक्स नावाच्या पहारेकऱ्याने ठशाच्या सेवेला एका फाइलला हात लावू दिला नाही. सरळ मार्ग असा की अडवणुकीची अशी प्रत्येक ओळ वाचायची, ती सेवा ते का मागते आहे हे समजून घ्यायचं, तेवढ्यापुरता परवानगीचा एक नियम लिहायचा, पुन्हा बिल्ड करायचं. मग आणखी तीन ओळी निघतात, त्यांचंही तेच करायचं. दुसरा मार्ग एका ओळीचा आहे. पहारेकऱ्याला 'परमिसिव्ह'वर टाकायचं. मग तो कोणालाच अडवत नाही, फक्त वहीत नोंद करतो. ठसा लगेच चालतो, कॅमेराही चालतो, ग्रुपवर बदामांची बरसात होते. पण आता त्या फोनवर चुकून एखादं घातक अ‍ॅप आलं, तर त्याला अडवणारी एक भक्कम भिंतच पडलेली आहे. वापरणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्या दृष्टीने हे बिल्ड आधीच्यापेक्षा चांगलं आहे.

पेमेंटच्या अ‍ॅपचंही तसंच. रॉम चढवायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होतानाचं कुलूप, उघडावा लागतो. तो उघडला की फोन गुगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत नापास होतो आणि बँकांची, यूपीआयची कित्येक अ‍ॅप अडतात. हा रॉमचा दोष नाही, ती व्यवस्थाच तशी रचलेली आहे. पण तक्रारींचा रेटा असा की काही रॉम एखाद्या जुन्या, प्रमाणित फोनची ओळख चोरून 'मी तोच आहे' असं सांगू लागले. गुगल ती ओळख काही दिवसांनी बाद करतं, त्या रात्री शेकडो मेसेज येतात, पोर्ट करणारा दुसरी ओळख शोधतो. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनवर ही तपासणी हार्डवेअरमधल्या किल्लीवर टेकली, तसं नुसतं नाव बदलून भागेना. मग कुठून तरी फुटलेल्या किल्ल्या फिरू लागल्या. विचार करा, ज्या संध्याकाळी त्या महिन्याचे सुरक्षेचे पॅच (दुरुस्त्या) जोडायचे, त्या संध्याकाळी हा माणूस फुटलेली किल्ली शोधतो आहे, आणि ती कोणासाठी, तर त्याच फोनवरून पैसे पाठवायचे आहेत अशांसाठी. मोठ्या आवाजाच्या मागे कामाचा क्रम असा उलटा होतो. सुरक्षेचे पॅच आले नाहीत म्हणून ओरडणारा माणूस कुठल्याही ग्रुपवर दिसत नाही.

काम थांबल्याची उदाहरणंही आहेत. प्लेस्टेशन २ चे खेळ अँड्रॉइड फोनवर चालवणारं एथरएसएक्स२ हे अशा पोर्टपैकी एक गाजलेलं. एकट्या माणसाने ते फोनच्या एआरएम चिपवर आणलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये त्याने काम थांबवलं आणि कारणं उघड सांगितली. आपल्या नावाने फिरणारे तोतये, न संपणाऱ्या तक्रारी आणि मागण्या, आणि शेवटी जिवे मारण्याच्या धमक्या.

आणि तक्रार हे हत्यार म्हणूनही वापरता येतं, हे एक्सझेड प्रकरणाने दाखवून दिलं. ही फाइली दाबून लहान करणारी एक छोटी लायब्ररी, जवळपास सगळ्या लिनक्समध्ये असणारी, आणि ती सांभाळणारा मुळात एक स्वयंसेवक. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्याच्यामागे भुणभुण सुरू झाली, की काम फार हळू चाललंय, पॅच पडून आहेत, कोणाला तरी सहभागी करून घे. तो म्हणाला, हा बिनपगारी छंद आहे आणि माझी मनःस्थितीही बरी नाही. मदतीला तयार असलेल्या एका नव्या माणसाकडे हळूहळू अधिकार गेले. त्याच माणसाच्या हातून पुढे ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला गेला. २९ मार्च २०२४ रोजी तो उघडकीला आला, तोही सर्व्हरवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा एका इंजिनिअरने पिच्छा पुरवला म्हणून. भुणभुण करणारी खाती बनावट असावीत असा जाणकारांचा कयास आहे. त्यातल्या एका खात्याचं नाव भारतीय वळणाचं होतं, हा योगायोग नसावा. उठसूट तगादा लावणारा भारतीय वापरकर्ता कोणालाही खरा वाटेल, हे रचणाऱ्याला पुरतं ठाऊक असावं.

याचा अर्थ तक्रार करूच नये, असा अजिबात नाही. 'फुकटचं आहे, मग बोलायचं काम नाही' हा उद्धटपणाही मला पटत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीच्या आसपास जागोजागी मोफत जेवण वाढलं जातं. तिथे भात कच्चा राहिला असं सांगणारा माणूस उपकारच करतो, कारण त्याच्या मागे रांग असते. फक्त तो कोणत्या पातेल्यातला भात ते दाखवतो. फोनच्या बाबतीत पातेलं दाखवणं म्हणजे लॉग देणं, आणि नव्वद टक्के भांडण तिथेच मिटण्यासारखं असतं.

एक तक्रार जवळून पाहू. दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येते ती, "चार्जिंग एकदम स्लो झालं, आधीच्या बिल्डमध्ये फास्ट होतं." आधीचं बिल्ड फेब्रुवारीत टाकलेलं असतं. लिथियम-आयन बॅटरीला साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये, म्हणून तापमान चढू लागलं की चार्जरचा ड्रायव्हर करंट पायरीपायरीने कमी करतो आणि मर्यादा ओलांडली की थांबवतो. नागपुरात तेव्हा बाहेरच पारा ४५ च्या आसपास असतो. वर फोनला जाड कव्हर, खाली गादी, आणि चार्ज होतानाच गेम चालू. फोन संगणकाला जोडून एडीबी या साधनातून 'डम्पसिस बॅटरी' ही एक आज्ञा दिली की सगळं समोर येतं. टेम्परेचरच्या पुढे ४६३ दिसलं तर ते ४६.३ अंश, कारण तो आकडा अंशाच्या दहाव्या भागात असतो. स्टेटसपुढे ४ असेल तर 'चार्जर लावलाय पण चार्ज होत नाही', २ असेल तर 'होतंय'. हेल्थपुढे ३ म्हणजे 'फार तापली'. हे तीन आकडे पाठवले असते, तर पोर्ट करणाऱ्याने एका ओळीत उत्तर दिलं असतं की कव्हर काढा, पंख्याखाली ठेवा, बॅटरी ३५ च्या खाली असताना त्याच चार्जरने पुन्हा मोजा. तेव्हाही मंद असेल तर दोष बिल्डचा असू शकतो, आणि तो शोधायला त्याला आनंदच होईल.

आकड्यांऐवजी पन्नास जणांचं "स्लो आहे, स्लो आहे" आलं की काय होतं? कोणीतरी वैतागून तापमानाची मर्यादा सैल करतो आणि 'फास्ट चार्जिंग फिक्स्ड' म्हणून बिल्ड सोडतो. फुगलेली बॅटरी पुढच्या पावसाळ्यात मागचं कव्हर उचलते, तोवर हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

लॉग काढताना नेमकं कुठे चुकतं, तेही सांगायला हवं. अँड्रॉइडचा लॉग थोड्या जागेत फिरत राहतो आणि जुनं पुसलं जातं. बिघाड झाल्यावर अर्ध्या तासाने काढलेल्या लॉगमध्ये बिघाड नसतोच. म्हणून आधी लॉग दाखवणाऱ्या 'लॉगकॅट' या आज्ञेला मोठ्या जी चा (-G) पर्याय देऊन जागा १६ एमबी करावी, लॉग चालू ठेवून मग बिघाड मुद्दाम घडवावा, आणि घड्याळातली वेळ टिपून ठेवावी. फोन आपोआप रीस्टार्ट होत असेल तर साध्या लॉगचा उपयोग नाही. तेव्हा कर्नलचे शेवटचे शब्द पीस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये 'कन्सोल-रॅमऊप्स' या फाइलीत सापडतात, तेही रूट, म्हणजे फोनवर पूर्ण ताबा, असेल आणि बॅटरी न काढता लगेच पुन्हा सुरू झाला असेल तर. आणि कॉलच्या तक्रारीसाठी 'रेडिओ' हा वेगळा लॉग लागतो. त्यात तुमचा नंबर आणि सिमची ओळख असते, तो चारचौघांत टाकू नये.

लॉगसोबतचा मजकूर फार मोठा लागत नाही. "फोन अमुक, बिल्ड अमुक तारखेचं, टाकण्याआधी फॉरमॅट डेटा केला होता, मोडेमचं फर्मवेअर कंपनीच्या अमुक आवृत्तीचं, मॅजिस्क (रूट मिळवायचं साधन) नाही, वेगळा कर्नल नाही. पहिल्या स्लॉटला जिओ, दुसऱ्याला बीएसएनएल. जिओवरून कॉल लावला की दोन सेकंदांत कटतो, १० पैकी ७ वेळा. दुसरं सिम काढल्यावर एकदाही नाही." एवढं लिहिलं की अर्धं काम झालं. यातलं शेवटचं वाक्य तर सोन्याचं, कारण त्यातून बिघाड नेमका कुठे शोधायचा ते कळतं. 'फॉरमॅट डेटा'चा उल्लेख अशासाठी की जुन्या रॉमवरून डेटा न पुसता थेट नवा रॉम चढवला तर जुन्या सेटिंगचे अवशेष असे काही बिघाड दाखवतात जे दुसऱ्या कोणाच्याच फोनवर घडत नाहीत. पोर्ट करणारा ते शोधत बसतो आणि ते सापडणारच नसतात.

काही तक्रारी अशा असतात की त्या फक्त आपणच करू शकतो, आणि त्या गर्दीत हरवतात याचं मला जास्त वाईट वाटतं. जिओचं नेटवर्क २०१६ मध्ये सुरू झालं तेच मुळी ४जी वर. त्याला मागे २जी-३जी चा आधार नाही. व्होल्टी, म्हणजे ४जी वरून बोलण्याची सोय, चाललं नाही तर त्या सिमवरून साधा कॉलही होत नाही. जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये बसून त्याच फोनसाठी काम करणाऱ्याकडे जिओचं सिम कुठून असणार? त्याच्याकडे सगळं 'चालतं'. व्होल्टीचे ब्लॉब जुन्या अँड्रॉइडचे असतील तर नव्यावर ते नोंदणीच करत नाहीत. नागपूरमधून आलेला एक स्वच्छ रेडिओ लॉग तिथे हजार विनंत्यांचं काम करतो.

देवनागरीचंही तसंच. हातात मावणाऱ्या गेमिंग कन्सोलवर, ई-वाचकांवर स्वयंसेवक जी सॉफ्टवेअर आणतात, त्यांतली काही छोटी पोर्ट अक्षरं एकामागून एक नुसती रंगवतात, हार्फबझसारखं जुळणी करणारं साधन जोडत नाहीत. मग पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर पडते, कारण साठवताना ती नंतरच असते, आणि जोडाक्षरांचे पाय मोडून दिसतात. ही चूक हिंदी वाचकही पकडेल. पण 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र नीट येतो की नाही, हे हिंदी वाचक पाहणार नाही, त्याच्या भाषेत तो येतच नाही. मराठी वळणाचा ल आणि श मिळायला फॉन्टमध्ये ती रूपं हवीत आणि सॉफ्टवेअरने मजकूर मराठी आहे हे फॉन्टला सांगायला हवं, हेही मराठी माणसालाच खटकणार. "मराठी दिसत नाही ब्रो" या मेसेजवरून कोणाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी 'दुसऱ्या' हा एक शब्द मजकूर म्हणून, पडद्यावर तो कसा उमटला त्याचा एक फोटो, आणि कोणता फॉन्ट निवडला होता ते, एवढं दिलं तर देवनागरी न येणारा माणूसही ते दुरुस्त करू शकतो.

पोर्ट करणाऱ्यांचीही चूक आहे, आणि ती छोटी नाही. बिल्ड सोडताना 'काय चालत नाही?' या रकान्यात "तुम्हीच सांगा" असं लिहायची एक जुनी सवय आहे. गंमत म्हणून सुरू झाली असेल. पण ज्याला एसईलिनक्स परमिसिव्ह आहे, वाइडवाइन (सिनेमांचं चोरीविरोधी कुलूप) एल१ वरून एल३ वर घसरलंय आणि त्यामुळे सिनेमे एचडीत दिसणार नाहीत, पेमेंटची अ‍ॅप चालतीलच असं नाही, हे सगळं आधीपासून माहीत आहे, त्याने ते लिहून ठेवायला काय हरकत होती? 'स्टेबल' हा शब्द तर इतका स्वस्त झालाय की त्यावर विश्वास ठेवणाऱ्याची दया येते. चालत नसलेल्या गोष्टींची यादी वर, डाउनलोडच्या आधी, आणि शक्य तर मराठी-हिंदीत ठेवली तर निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत. त्या टाळणं हे त्याच्याच हातात आहे.

आता त्या काउंटरकडे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम २(४२) मध्ये सेवेची व्याख्या आहे आणि विनामूल्य दिलेली सेवा तिच्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. कर्नलचा जीपीएल आणि अँड्रॉइडचा अपाची, हे दोन्ही परवानेही हमी नाकारतात. म्हणजे स्वयंसेवकाकडे दाद मागण्याला नैतिक तर सोडाच, कायद्याचाही आधार नाही. पण दुकानदाराने पैसे घेतले की ती सेवा झाली, आणि तिच्यातल्या त्रुटीला तो जबाबदार. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही लागत नाही. फक्त हातात बिल हवं.

त्या बिलावर चार गोष्टी लिहून घेण्याचा आग्रह धरायला हवा. फोनचं नेमकं मॉडेल, रॉमचं नाव आणि बिल्डची तारीख, आधीचं फर्मवेअर कोणतं होतं, आणि काम सुरू करण्याआधी पर्सिस्ट व मोडेमच्या पार्टिशनचा बॅकअप घेतला की नाही. शेवटची गोष्ट दुकानदाराला आवडणार नाही. क्वालकॉमच्या फोनमध्ये मोडेमएसटी१ आणि मोडेमएसटी२ ही पार्टिशन गेली की आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जातो, पर्सिस्ट गेलं की सेन्सर आणि ठसा रुसतात. बॅकअप काही मिनिटांचं काम आहे. तो न घेता फोन बिघडवायचा आणि 'रॉमचा प्रॉब्लेम' म्हणून मोकळं व्हायचं, हे थांबलं तर स्वयंसेवकाच्या दारावरची गर्दी बरीच ओसरेल. दुसऱ्या बाजूने, ज्या दुकानाने फोन हाताळला आहे तेच लॉग काढून देण्याच्या सर्वांत सोयीच्या जागी आहे. केबल तिथे आहे, संगणक तिथे आहे, फोन उघडायची भीतीही तिथे नाही. पैसे घेणाऱ्यांनी पहिली चाळणी लावावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

राहिली कंपनी. तिच्याकडे तक्रार करायचं कोणाला सुचतच नाही, कारण तिथून उत्तर येत नाही आणि स्वयंसेवकाकडून येतं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट उपलब्ध ठेवावे लागतील. आपल्याकडे केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झालं, पण चर्चा अजून स्क्रू, बॅटरी आणि सुट्या भागांभोवतीच जास्त फिरते. सॉफ्टवेअर संपलं म्हणून धडधाकट फोन अडगळीत जातो, ही दुरुस्तीच्या हक्काचीच बाब आहे, हे तिथे ठासून सांगावं लागेल.

तोवर एक मागणी आजच करता येते. कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे फोनबरोबर कर्नल वाटणाऱ्या कंपनीने त्याचा संपूर्ण कोड एक तर सोबत द्यायला हवा, नाहीतर किमान तीन वर्षं टिकणारं, मागितल्यावर देण्याचं लेखी आश्वासन द्यायला हवं. कोडबरोबर तो बांधायच्या स्क्रिप्टही त्यात येतात. पत्र ज्याच्याकडे फोन आहे त्यानेच लिहावं. सेटिंगमधल्या 'अबाउट फोन'मधून मॉडेल, कर्नलची आवृत्ती आणि बिल्ड क्रमांक हुबेहूब उतरवून घ्यावा आणि याच बिल्डचा कोड हवा असं स्पष्ट लिहावं, कारण पहिल्या दिवसाचा कोड एकदा टाकून पुढच्या अपडेटांचा न देणं हा नेहमीचा प्रकार आहे. कर्नल ज्या कॉन्फिग फाइलीने बांधला ती वेगळी नाव घेऊन मागावी. ती नसेल तर बाकीचा कोड मिळूनही पडदा काळाच राहू शकतो.